खुराफा कोण होता?

आमच्या समाजात एक शब्द फार स्वस्त झाला आहे : खुराफात. मुलांनी दंगा केला की खुराफात. नानीने कोहकाफच्या परीचा किस्सा सांगितला की खुराफात. उर्दू शाळेच्या कपाटात ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ दिसली की तीही खुराफातच. हा शब्द फेकून मारणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे, की खुराफा हे एका माणसाचे नाव होते?

अरबी कोशकार सांगतात ते असे : इस्लामपूर्व काळात बनू उजरा कबिल्यात खुराफा नावाचा एक माणूस होता. त्याला जिन्नांनी पळवून नेले. पुष्कळ काळ तो त्यांच्यात राहिला. मग त्यांनी त्याला परत आणून सोडले आणि तो तिथली नवले लोकांना सांगू लागला. लोक कान देऊन ऐकत, विश्वास मात्र ठेवीत नसत. पुढे काहीही अजब कानावर आले की अरब म्हणू लागले, ही तर खुराफाची गोष्ट! जगाच्या लोककथांत सिंदबाद आणि अलादीन यांची नावे गाजली. खुराफा बिचारा स्वतःच्या नावाची शिवी होऊन राहिला.

‘शमाइल-ए-तिरमिजी’ या ग्रंथात एक रिवायत आहे, की हजरत पैगंबर (स.) यांनी खुद्द आपल्या घरात या खुराफाची हकीकत सांगितली. तिच्या सनदीवर मुहद्दिसांनी हरकत घेतलेली आहे, म्हणून आम्ही तिचा पुरावा करणार नाही. पण त्याच प्रकरणात उम्मे जर्अची हदीस आहे आणि ती सहीह बुखारीतही आहे. अकरा बायका एकत्र बसतात आणि आपापल्या नवऱ्यांचे गुणदोष सांगतात, अशी ती कथा. सांगणाऱ्या हजरत आयेशा (रजि.) आणि ऐकणारे स्वतः पैगंबर (स.). रात्रीच्या वेळी घरात किस्सा सांगणे आणि ऐकणे हेच जर गुमराही असते, तर ही हदीस आपल्यापर्यंत आलीच नसती.

आता विरोधक सूरह लुकमानची सहावी आयत पुढे करतील. मक्केत नज्र बिन हारिस नावाचा माणूस रुस्तुम-इस्फंदियारचे किस्से सांगून लोकांना कुरआनपासून दूर खेचत असे आणि आयतीचा रोख त्याच्याकडे आहे, असे मुफस्सिरांनी लिहिले आहे. आम्हांला ते मान्य आहे. पण आयत नीट वाचली तर दोष कशावर ठेवला आहे तेही दिसते. अल्लाहच्या मार्गापासून लोकांना भटकवण्याच्या हेतूवर तो आहे. रुस्तुमवरच बंदी असती तर फिरदौसीचा ‘शाहनामा’ मुसलमान बादशहांनी शतकानुशतके लिहवून आणि चितारून घेतला नसता, आणि आमच्या मोहल्ल्यांत रुस्तुम, सोहराब ही नावे मुलांना ठेवली गेली नसती.

मुद्दा असा आहे की किस्सा आणि अकीदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक आमच्या पूर्वजांना कळत होता. आम्हांला तो कळेनासा झाला आहे.

‘गूल’चेच उदाहरण घ्या. अरबांच्या वाळवंटातली ही एक बला. रूपे बदलते, वाटसरूला वाट चुकवते, पण तिचे पाय गाढवाचेच राहतात आणि त्यावरून ती ओळखू येते. (आमच्या कोकणातल्या हडळीचे पाय उलटे असतात. बला कुठलीही असो, पाय तेवढे तिला लपवता येत नाहीत!) सहीह मुस्लिममध्ये ‘गूल नाही’ असे सांगणारी हदीस आहे. आलिमांनी तिचे अर्थ वेगवेगळे लावले, पण गूलवर भरवसा ठेवू नका एवढे तिच्यातून निघतेच. मग मुसलमानांनी हा शब्द पुसून टाकला का? नाही. इ.स. ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अस्सूफीने ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात ययाति तारकासमूहातला एक तारा राक्षसिणीच्या कापलेल्या मुंडक्यात दाखवला आणि त्याला गूलचे नाव दिले. ‘रास अल-गूल’, म्हणजे गूलचे डोके. युरोपने त्याचे ‘अल्गोल’ केले. हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो आणि पुन्हा उजळतो. १७८३ मध्ये जॉन गुडरिक या तरुण इंग्रजाने त्याचे कारण सुचवले : एक काळोखा गोल त्याच्याभोवती फिरता फिरता त्याच्या आड येत असावा. आज आपल्याला माहीत आहे, की ते एकमेकांना ग्रहण लावणारे तारेच आहेत. आम्ही विचारतो, सातवीच्या वर्गात ग्रहण शिकवायला गूलपेक्षा चांगला पाहुणा कुठून आणणार?

याहून मोठी साक्ष बसऱ्याच्या जाहिजची आहे. तो इ.स. ८६८-६९ मध्ये वारला. ‘किताबुल हयवान’ या प्राण्यांवरच्या ग्रंथात त्याने आपले उस्ताद नज्जाम यांचे म्हणणे नोंदवले आहे. माणूस ओसाड रानात दीर्घकाळ एकटा राहिला की त्याचे मन त्याला फसवू लागते. लहान वस्तू मोठी दिसते, नसलेला आवाज ऐकू येतो. मग तो त्यावर शेर रचतो, किस्से सांगतो. मुले ते ऐकत मोठी होतात. पुढे अंधाऱ्या रात्री घुबड जरी ओरडले तरी त्यांना तो जिन्न वाटतो. आणि ऐकणाराही तसाच भोळा असतो, खरे-खोटे निवडायची त्याला सवय नसते. साडेअकराशे वर्षांपूर्वी एका मुसलमानाने हे लिहून ठेवले! जिन्नांचे अस्तित्व हा कुरआनाचा विषय आहे आणि त्यावर आमचा ईमान आहे. पण रानात दिसलेली प्रत्येक सावली जिन्न असते, हे कुरआनाने कुठेही सांगितलेले नाही.

जाहिजनंतर मसऊदी आला. ‘मुरूजुज्जहब’ या ग्रंथात त्याने गूल, आवाज देणारा पण न दिसणारा ‘हातिफ’, आणि एक हात, एक पाय व अर्धा चेहरा असलेला ‘नसनास’ या साऱ्यांच्या कथा गोळा केल्या, आणि त्यांच्यावर शंकाही घेतल्या. हा मसऊदी आमच्यासाठी परका नाही. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, तो सैमूर म्हणजे आपल्या चौलला येऊन गेला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे त्याने लिहिले आहे. ते सीराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले होते आणि इथेच जन्मलेलेही होते. कोकणातल्या मुसलमानांनी आपले मूळ शोधताना या माणसाचे पान उघडावे. कथा जतन करणे आणि कथेला प्रश्न विचारणे ही दोन्ही कामे एकाच हाताने करता येतात, हे त्यांना तिथे दिसेल.

आता आजचे पाहा. मुंबईच्या लोकलमध्ये ‘बाबा बंगाली’च्या जाहिराती आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो. नवरा वश करणे, सौतन घालवणे, जिन्न उतरवणे, सारे काही चोवीस तासांत. एखाद्या मुलीला फिट येते, एखादी सून बाळंतपणानंतर गप्प गप्प राहते, आणि घरचे तिला डॉक्टरऐवजी आमिलाकडे नेतात. धूर, मार आणि नोटा! महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो. भीती त्याच्या आधी, बालपणीच येऊन बसलेली असते.

आणि इथेच आमचा खुराफातविरोधी मंडळींशी खरा झगडा आहे. तुम्ही अमर अय्यारला घराबाहेर काढले, पण आमिल घरातच राहिला! अमर अय्यार कोण, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त अफरासियाब हा जादूगारांचा बादशहा आहे. जादू सारी त्याच्याकडे. अमर आणि त्याचे साथीदार अय्यार यांच्याजवळ काय आहे? वेषांतर, बेहोशीची पूड, हजरजबाबी जीभ आणि चलाख डोके. अमरच्या जंबीलमध्ये अख्खी दुनिया मावते, अंगावर घेतली की दिसेनासे करणारी गिलीमही त्याच्याकडे आहे, हे खरे. पण जादूगाराला तो हरवतो तो मंत्राने नाही. त्याची हाव आणि त्याची घमेंड ओळखून हरवतो. ज्या मुलाने हे किस्से ऐकले, तो मोठेपणी बाबाला पाहून घाबरणार नाही. तो आधी त्याच्या झोळीकडे पाहील.

एका बाबतीत टीकाकारांचे म्हणणे आम्ही मान्य करतो. ‘दस बीबियों की कहानी’सारखी पुस्तिका नवस म्हणून वाचायची आणि नाही वाचली तर अरिष्ट येईल म्हणून थरथरायचे, हे चूक आहे. दास्तानीतला हमजा आणि उहुदच्या रणात शहीद झालेले हजरत हमजा (रजि.) यांची गल्लतही चूकच. पण तिथे झाले काय? किस्स्याचा अकीदा केला गेला. आणि विरोधक काय करतात? तेही किस्स्याला अकीदाच समजतात आणि जाळायला निघतात. दोघांची चूक एकच आहे.

या वारशाची किंमतही लक्षात घ्या. अकबराने १५६२ च्या सुमारास ‘हमजानामा’ चितारायला घेतला. ते काम सुमारे पंधरा वर्षे चालले आणि चौदाशेच्या आसपास चित्रे झाली. त्यांतली फार थोडी उरली, तीही बहुतेक परदेशी संग्रहालयांत. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने हमजाच्या दास्तानी ४६ जाड खंडांत छापल्या. छापणारा हिंदू, सांगणारे मुसलमान, ऐकणारे सगळे. हाच हमजा मलायात ‘हिकायत अमीर हमजा’ झाला आणि जावामध्ये ‘मेनक’ या नावाने लाकडी बाहुल्यांच्या खेळात उतरला. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले. त्यानंतर ही कला पुन्हा उभी राहायला २००५ साल उजाडले. शम्सुर्रहमान फारुकी आणि महमूद फारुकी यांनी ती उभी केली.

मराठीने या बाबतीत आमच्यापेक्षा मोठे मन दाखवले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या. गुलबकावली आणि हातिमताई मराठी वाचकांनी आपलेसे केले. आणि आम्ही, ज्यांचा हा वारसा, ते मात्र आमच्या मुलांना जिन्न म्हणजे कार्टूनमधला निळा जिनी एवढेच कळू देतो.

उर्दू माध्यमाच्या वर्गात उभे राहणारे आम्ही शिक्षक संस्थाचालकांकडे फार मागत नाही. आठवड्यातला एक तास किस्स्याला द्या. कपाटाला कुलूप घालू नका. वर्गात अय्यार येऊ द्या, गूल येऊ द्या, खुराफालाही बसायला जागा द्या. आणि किस्सा संपला की मुलांना एवढेच विचारा : यातले काय खरे, काय बनवलेले, आणि तुम्ही ते कशावरून ठरवले? ज्या दिवशी आमची मुलगी या प्रश्नाचे उत्तर हात वर करून देईल, त्या दिवसापासून तिला कोणत्याही आमिलासमोर नेऊन बसवणे कुणालाही सोपे जाणार नाही.