फॉरमॅटच्या आधीची दहा मिनिटं

‘बूट उडालाय’ हे आपल्या धंद्यातलं रोजचं वाक्य. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं, ‘विंडोज मारून देतो, दोन तासांनी या.’ मला या दुसऱ्या वाक्याबद्दल लिहायचं आहे. त्यापायी मराठवाड्यातल्या किती मुलांचे प्रोजेक्ट आणि घरचे फोटो गेले, याचा हिशेब आपण कुणीच ठेवलेला नाही.

मध्यंतरी उस्मानपुऱ्यात एका मित्राच्या दुकानात बसलो होतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी लॅपटॉप छातीशी धरून आत आली. काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब’ एवढाच शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. ‘दादा, एका ठिकाणी दाखवला, ते म्हणाले फॉरमॅटच करावा लागेल. माझा सगळा प्रोजेक्ट सी ड्राइव्हला आहे.’ मित्राने विचारलं, ‘बंद पडायच्या आधी यात काय केलं होतंस?’ जागा कमी पडत होती म्हणून तिने विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचं पार्टिशन डिलीट केलं होतं. मित्राने लॅपटॉप बंद केला, चालू करताना बूट मेन्यूची की दाबली आणि यादीतला ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडला. डेस्कटॉप आला. मुलगी काही बोललीच नाही. तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि आधी प्रोजेक्टचं फोल्डर कॉपीला लावलं.

यात कसलीही जादू नव्हती. यूईएफआयच्या मशीनवर एक छोटं फॅट32 पार्टिशन असतं, ईएसपी. विंडोजचा लोडर तिथे मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमध्ये असतो आणि उबुंटूचा उबुंटूच्या. आधी कुणाला उठवायचं, तो क्रम मदरबोर्डच्या मेमरीत लिहिलेला असतो. उबुंटूचं पार्टिशन गेलं तरी ईएसपीतली ग्रबची फाइल जागेवरच राहते. ती आपलं सेटिंग त्या गेलेल्या पार्टिशनवर शोधायला जाते, ते सापडत नाही आणि तिथेच थांबते. विंडोजला धक्काही लागलेला नसतो.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचा हात एमबीआरच्या काळात बसला. तेव्हा डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांच्या सेक्टरमध्ये कोडला जागा 446 बाइटांची, आणि तिथे एकच लोडर मावायचा. नंतर विंडोज टाकलं की ग्रब पुसला जायचा. म्हणून आजही बोटं आपोआप ‘बूटरेक फिक्सएमबीआर’ टाइप करतात. जीपीटी आणि यूईएफआयवर त्या कमांडचा उपयोग नाही, कारण बिघाड ज्या फाइलींत आहे त्यांना ती हातच लावत नाही. विंडोजचा लोडर खरोखर गेला असेल, तर डिस्कपार्टमधून ईएसपीला ड्राइव्ह लेटर द्यायचं आणि ‘बीसीडीबूट’ चालवायचं. सी ड्राइव्हवरच्या डेटाला हात लागत नाही.

उलटी तक्रारही येते. विंडोजचा मोठा अपडेट झाला आणि उबुंटू दिसेनासं झालं. बहुतेक वेळा नुसता क्रम बदललेला असतो, तो बायोसमधून नीट होतो. ग्रबच गेला असेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह, चरूट आणि ग्रब-इन्स्टॉल. इथे एक चूक मी स्वतः केली आहे. पेनड्राइव्ह लेगसी मोडमध्ये बूट झाला होता, मी तसाच ग्रब टाकायला बसलो आणि सगळी संध्याकाळ गेली. तेव्हापासून लाइव्हमध्ये शिरल्यावर मी आधी ‘सिस, फर्मवेअर’च्या खाली ‘ईएफआय’ फोल्डर आहे का ते बघतो. नसेल तर पेनड्राइव्ह यूईएफआयमधून पुन्हा बूट. आणखी एक, ग्रब 2.06 पासून दुसऱ्या ओएसचा शोध डिफॉल्टने बंद असतो. ग्रबच्या मेन्यूत विंडोज दिसत नाही म्हणजे ते गेलं असं नाही, कॉन्फिगमधली एक ओळ बदलून मेन्यू नव्याने बनवावा लागतो.

मला खरी भीती वाटते ती बिटलॉकरची. विंडोज 11च्या 24एच2 आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलला बिटलॉकरचं डिव्हाइस एन्क्रिप्शन डिफॉल्टने चालू होतं. अशा मशीनवर सिक्युअर बूट बंद केला की विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती असते ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर. आता आठवून बघा, नवा लॅपटॉप विकताना सेटअप उरकायला आपण कुणाचं अकाउंट टाकलं होतं? घाईत दुकानाच्याच ई-मेलवर सेटअप केलेले लॅपटॉप मी पाहिले आहेत. त्या मुलांची की दुसऱ्याच्या अकाउंटवर पडून आहे आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. म्हणून बायोसमध्ये शिरण्याआधी की मागा. ग्राहकाला त्याच्याच मोबाइलवर अकाउंट उघडायला लावा आणि आकडे कागदावर उतरवून घ्यायला सांगा.

की हाताशी असणं किती गरजेचं, याची मोठी परीक्षा ऑगस्ट 2024 मध्ये झाली. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अपडेटने लिनक्सचे जुने शिम लोडर नाकारायला सुरुवात केली. ड्युअल बूटच्या मशीनना तो अपडेट लागणार नाही असं सांगितलं होतं, तरी अनेकांना लागला आणि लिनक्सऐवजी ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ दिसू लागलं. उपाय साधा होता. सिक्युअर बूट तात्पुरता बंद करायचा, लिनक्समध्ये जाऊन ‘मोकयूटिल’ने अपडेटने बसवलेली पॉलिसी काढायची, रीस्टार्ट करायचं आणि सिक्युअर बूट परत चालू करायचा. पण पहिल्याच पायरीवर विंडोजची की लागण्याची शक्यता, आणि ती हाताशी नसेल तर लिनक्स वाचवताना विंडोज अडकणार.

सिक्युअर बूटची 2011ची सर्टिफिकेटं जून 2026 पासून मुदतीबाहेर जाऊ लागतात. आज चालणारी मशीन त्या दिवशी बंद पडणार नाहीत. मात्र ज्या फर्मवेअरमध्ये 2023च्या नव्या कीज गेलेल्या नाहीत, तिथे फक्त नव्या कीने साइन केलेला लोडर चालणार नाही. तेव्हा सर्व्हिसला आलेल्या मशीनचा बायोस अपडेट राहिला असेल तर आधी बिटलॉकरची की घेऊन, चार्जर लावून तो करून घ्या. लाइट जाण्याची वेळ असेल तर यूपीएसवर.

राहिला पैशांचा मुद्दा. ‘फॉरमॅटचे पैसे मिळतात, बघण्याचे कोण देणार?’ असं मला अनेक जण म्हणतात, आणि ही अडचण खरी आहे. तपासणीचे पैसे वेगळे लावा आणि आधी सांगा. डेटा वाचला तर ग्राहक ते आनंदाने देतो, हे मी उस्मानपुऱ्याच्या त्याच काउंटरवर पाहिलं. मित्राने त्या मुलीच्या जॉब कार्डावर लिहिलं होतं: ‘क्रम बदलला, ग्रबची जुनी नोंद काढली, डेटा जसाच्या तसा.’ खाली तिची सही होती.