मगरीला वाढणारी म्हातारी

मंडळी, गेल्या महिन्यात नदीकाठच्या एका गावी पाचट कुजवण्याच्या कार्यक्रमाला गेलो होतो. उसाचे पाचट जाळू नका, सरीत दाबा, हे आमचे नेहमीचेच पालुपद. पण पुढे बसलेल्या पोरांचे लक्ष काही लागेना. अखेर एकाने विचारलेच, "साहेब, मगर तीस फूट असते का हो?" मागून एक आजीबाई कावल्या, "ह्यांच्या त्या शिनेमापायी माझी नात दोन दिस झाले काठावर याला तयार न्हाई. धुणं काय मी एकलीनं बडवायचं?"

चौकशी केली तेव्हा कळले की पोरांनी रात्री मोबाइलवर 'लेक प्लॅसिड २' नावाचा इंग्रजी सिनेमा पाहिला होता. मुक्काम तिथेच होता, तेव्हा त्याच रात्री मीही तो बघितला. झोपमोड झाली खरी, पण भीतीने नव्हे.

गोष्ट अमेरिकेतल्या मेन राज्याची. हा देशाचा पार ईशान्येचा कोपरा, कॅनडाला लागून. पहिला 'लेक प्लॅसिड' आला १९९९ साली. त्यात एका तळ्यात तीस फुटी मगर निघते. नावाचा अर्थ शांत तळे. गंमत अशी की गोष्टीतल्या तळ्याचे नाव मात्र निराळेच, काळे तळे. तो चित्रपट मोठ्या कंपनीचा होता. दुसरा भाग २००७ साली एका अमेरिकन दूरदर्शन वाहिनीसाठी थोड्या पैशांत उरकला. कथा अमेरिकेची आणि चित्रण बल्गेरियात! मगरी संगणकावर काढलेल्या. एका दृश्यात मगर बैलगाडीएवढी वाटते, तर पुढच्या दृश्यात एसटीएवढी. पाण्यातून वर येते तेव्हा पाणी धड हलतसुद्धा नाही. आमच्या पोळ्याच्या मातीच्या बैलात याहून अधिक जीव असतो.

पण पोराच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे होते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर दिले.

तीस फूट म्हणजे नऊ मीटर. २०११ साली फिलिपीन्समध्ये खाऱ्या पाण्यातली एक मगर जिवंत पकडली. ती ६.१७ मीटर भरली, म्हणजे वीस फुटांच्या थोडी वर, आणि वजन टनाहून जास्त. नीट मापलेल्या मगरींत हिच्यासारखी दुसरी नाही. सिनेमातली मगर याच जातीची दाखवली आहे. ही जात आपल्या देशात ओडिशाच्या भितरकणिकेत, सुंदरबनात आणि अंदमानात आहे. कृष्णेत नाही. कृष्णेत आहे ती गोड्या पाण्यातली मगर. ती बारा-तेरा फुटांची झाली तरी मोठी म्हणायची.

दुसरी गोष्ट थंडीची. मगरीचे रक्त आपल्यासारखे आतून तापत नाही. अंगाला ऊब लागते ती उन्हाची. म्हणून तर हिवाळ्यात ती दिवस वर आला की काठावर येऊन ओंडक्यासारखी पडते. अंगात ऊब नसेल तर खाल्लेले पचतही नाही. मेनमध्ये हिवाळ्यात तळी इतकी गोठतात की माणसे बर्फावरून चालतात आणि भोक पाडून मासे धरतात. तिथे ही मगर पिढ्यान्‌पिढ्या राहील कशी? आणि एका रात्रीत चार-पाच माणसे खाणे हेही खोटेच. म्हशीला रोज दोन वेळा वैरण लागते. मगरीचे तसे नाही. एकदा पोटभर मिळाले की ती कितीतरी दिवस काही न खाता पडून राहते.

इथवर पोरे हसली. पण मंडळी, त्या सिनेमात एक गोष्ट खरी आहे, आणि तीच माझ्या डोक्यातून जाईना. पहिल्या भागात तळ्याकाठी एक म्हातारी राहते. ती आपल्या गाईच्या डोळ्यांना पट्टी बांधते आणि तिला मगरीसाठी पाण्याकडे नेते. शेवटी मोठ्या मगरींचा बंदोबस्त होतो, तर ही बया काठावर बसून पिलांना पाव टाकते आहे! दुसऱ्या भागात तिची बहीण त्याच तळ्याकाठी. २०१० च्या तिसऱ्या भागात त्याच घराण्यातला लहान मुलगा चोरून पिलांना मांस घालतो. म्हणजे दरवेळी मगरीच्या आधी कोणीतरी वाढणारा असतो.

हे सांगितले आणि पारावर जरा शांतता झाली. कारण गावाच्या खालच्या अंगाला, जिथे बायका धुणे धुतात तिथून हाकेच्या अंतरावर, मेलेली जनावरे टाकायची जागा होती. कोंबडीवाल्याची आतडी-पिसेही तिथेच पडत. आदल्या संध्याकाळी मी तिकडून आलो होतो, वासच सांगत होता. मगरीला एवढेच कळते की या वळणावर आयते मिळते. मग ती वळण सोडत नाही, आणि माणसाच्या चाहुलीने पाण्यात जायची तिची सवयही हळूहळू मोडते.

सांगली जिल्ह्यात भिलवडी-औदुंबरच्या बाजूला माणसे दगावली आहेत, जखमी झाली आहेत. तिथल्या लोकांना मी काय शहाणपण सांगणार? पण जिथे मगर नुकती दिसू लागली आहे तिथल्या घरांनी चार गोष्टी पाळाव्यात. मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला गाळ अडकला की आपण पहाटे एकटेच कमरेएवढ्या पाण्यात उतरतो, ते बंद करावे. ऊन चढल्यावर, दोघांनी जावे, आणि पाइपला दोर बांधून फुटव्हॉल्व्ह काठावर ओढून घ्यावा. म्हशी धुवायच्या तर पाणी वर आणून धुवाव्यात. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत मादी काठच्या वाळूत किंवा मातीत खड्डा करून अंडी घालते. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडाशी, पिले निघतात. तोवर ती तिथून फारशी हलत नाही आणि जवळ आलेल्यावर धावून येते. तेव्हा काठ नांगरताना, माती काढताना जपावे. पूर ओसरल्यावर उसात शिरायचे तर काठी आपटत, बोलत शिरावे. २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यात एक मगर चक्क घराच्या छपरावर चढून बसली होती.

एका तरुणाने जाळे लावून मारून टाकू म्हटले. १९७२ च्या कायद्याने मगरीला संपूर्ण संरक्षण आहे, तुरुंगाची वाट धरायची असेल तर गोष्ट वेगळी. वन खात्याला १९२६ वर कळवावे. माणूस किंवा जनावर दगावले तर भरपाई मिळते, पण पंचनामा वेळेत व्हायला हवा. नाहीतर कागद फिरत राहतात, हा माझ्याच खात्याच्या सावलीत बसून घेतलेला अनुभव.

कोंबडीवाला मागेच उभा होता. म्हणाला, "साहेब, मी खड्डा घेतो, पण जागा कुठली?" झाले, त्यावरून तासभर वाद. गायरानात म्हणावे तर गुरे चरतात, विहिरीकडे म्हणावे तर पाणी नासेल. अखेर ओढ्यापासून लांब, मुरमाड टेकाडावर पुरुषभर खोल खड्डा घ्यायचा ठरला. वर चुना, मग माती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून काटेरी फांद्या. जेसीबीवाल्याने डिझेलचे तेवढे पैसे मागितले. ते निम्मे कोंबडीवाल्याने आणि निम्मे पंचायतीने द्यायचे ठरले.

निघताना आजीबाईंना विचारले, नात येते का आता काठावर? त्या म्हणाल्या, "खड्डा हुईस्तवर मी बी जात न्हाई. धुणं आडावर."