बाळाची मातृभाषा कोण ठरवणार?



मी देपालपुरात एका खासगी शाळेत गणित शिकवतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मूल झाले की बाप म्हणून 15 दिवसांची रजा मिळते. नोकरी करणाऱ्या आईला 2017 च्या कायदादुरुस्तीपासून 26 आठवडे मिळू लागले. खासगी नोकरीतल्या बापासाठी मात्र असा कायदा नाही, तिथे वरिष्ठांची मर्जी. आमचे बाळ नोव्हेंबरात झाले तेव्हा माझ्या वाट्याला दोन दिवस आले. बाळंतपण माहेरी झाले आणि सव्वा महिन्यानंतर बाळ-बाळंतीण घरी आली, ती नेमकी हिवाळी सुट्टीच्या तोंडावर. म्हणजे 31 डिसेंबर ते 4 जानेवारी ही शाळेची सुट्टी हीच माझी बापपणाची पहिली सलग रजा. या पाच दिवसांत जे पाहिले, ऐकले, त्यावर आपल्या समाजाशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. काही ज्येष्ठांना त्या रुचणार नाहीत, त्यांची आधीच क्षमा मागतो.

माळव्याची थंडी आपल्याला नवी नाही. पण घरात दीड महिन्याचे मूल असले की तीच थंडी वेगळी दिसते. सकाळी दहापर्यंत धुके, ऊन येते ते तासा-दोन तासांपुरते, आणि दुपटी काही वाळत नाहीत. पहिल्या दिवशी मी मोजली, सव्वीस दुपटी आणि लंगोट. दोरीवर, खुर्चीच्या पाठीवर, शेवटी इस्त्रीखाली. रात्री शेतावरच्या मोटारीला वीज येते म्हणून जागणारे शेजारी आणि बाळासाठी जागणारा मी, पहाटे तीनला अंगणात एकमेकांना रामराम करायचो.

शेगडीवरून पहिल्याच रात्री वाद झाला. आईचे म्हणणे, बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी हवीच. "तुम्हा भावंडांना मी शेगडीवरच वाढवलंय," हा तिचा शेवटचा शब्द. मी म्हटले, "आई, तेव्हा आपलं घर कौलारू होतं. भिंतीला फटी, दाराला फटी, धूर जायला वाट होती. आता वर स्लॅब आहे आणि खिडक्या ॲल्युमिनियमच्या, घट्ट बंद होणाऱ्या." बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला कळतही नाही आणि दर हिवाळ्यात उत्तर भारतात कुठे ना कुठे अख्खे कुटुंब त्यात जाते. आई दोन तास रुसली. मग शेगडी ओसरीवर गेली, तिथे दुपटी आणि कुंची गरम करून आत आणायची असे ठरले. मधाचे बोट चाटवायचे नाही, हेही त्याच तहात मंजूर करून घेतले. वर्षाच्या आत मध देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर यांवर मात्र आईचेच राज्य राहिले. खरे सांगायचे तर त्यातले निम्मे लाडू मीच खाल्ले.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की या वादात आई आणि मी मराठीत बोललो, पण बाळाशी त्या पाच दिवसांत कोण कोणत्या भाषेत बोलले?

आमच्या हिचे माहेर गौतमपुऱ्याकडचे, माळवी बोलणारे शेतकरी घराणे. (गौतमपुरा हे नाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंवरून पडले, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच.) ती बाळाला निजवते ती माळवीत. मालिशवाली येते, तीही माळवीत बोलते. शेजारच्या काकू हिंदीत. फोनवर लावलेली बडबडगाणी हिंदीत, नाहीतर इंग्रजीत. पुण्याची ताई नाताळच्या सुट्टीत दोन मुलांना घेऊन आली होती. तिच्या येण्याची मला फार आशा होती, की चला, पुण्याहून चांगली ताजी मराठी येते आहे. भाचरांनी बाळाकडे पाहिले आणि म्हणाली, "सो क्यूट! मामा, कॅन आय होल्ड हिम?" पुढचे तीन दिवस ती आपसांत हिंदी आणि इंग्रजीच बोलत होती. बाळाशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मराठीत बोललेली व्यक्ती एकच, माझी आई. तिचे वय एकाहत्तर.

आणि मी? दुसऱ्या रात्री बाळ रडत होते, मी त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होतो. ही अंथरुणातून हसून म्हणाली की तुम्ही त्याच्याशी काय बोलताय ते ऐका जरा. मी म्हणत होतो, "अरे, क्या हुआ राजा, क्यों रो रहा है?" नवरा-बायकोची बोलायची भाषा हिंदी, तीच तोंडात बसलेली. मी, मराठी शाळेच्या आठवणी सांगणारा, समाजाच्या गणेशोत्सवात सूत्रसंचालन करणारा, स्वतःच्या मुलाशी एक वाक्य मराठीत बोललेलो नव्हतो.

मंडळी, आपल्या बैठकांत दरवर्षी एक तक्रार होते. बाहेरच्या सुना आल्या, घरातली मराठी गेली. मीही मान डोलावत आलो आहे. आता म्हणतो, ही तक्रार खोटी आहे. सुनेने तिची भाषा आणली यात तिचा काय दोष? मराठी तिच्याकडे नव्हतीच, ती टिकवायची जबाबदारी आपल्याकडे होती. आपण मुलगे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हिंदीवर आलो, कारण ते सोपे होते. आमच्या हिने दोन वर्षांत माझ्या आईकडून जेवढी मराठी उचलली, त्याच्या चौथाईनेही मी माळवी शिकलो नाही.

हा प्रश्न घरापुरता राहत नाही, म्हणूनच या पत्रकात लिहितो आहे. जनगणनेची अधिसूचना 16 जून 2025 रोजी निघाली. 1 मार्च 2027 हा तिचा संदर्भ दिवस, आणि माणसे मोजायचे काम आपल्याकडे फेब्रुवारी 2027 मध्ये व्हायचे आहे. 2011 च्या गणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 12 लाख होते, त्यातले पुष्कळसे बैतूल, छिंदवाडा, बऱ्हाणपूर अशा सीमेलगतच्या जिल्ह्यांतले. माळव्यातल्या आपल्यासारख्यांनी किती ठिकाणी उरक म्हणून 'हिंदी' सांगितले असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. दारावर शिक्षक येतो, घाईत असतो, आपणही घाईत असतो. "हिंदीच लिहा हो," असे म्हणणारे माझ्याच घरात होते.

आता गंमत पाहा. 2011 च्या सूचनांप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत आपल्याशी बोलली ती. तान्ह्या मुलाच्या बाबतीत, आई नेहमी जी भाषा बोलते ती. बापाची नाही, आडनावाची नाही, आजोबांच्या वतनाची तर नाहीच. म्हणजे नियमाने गेलो तर माझ्या मुलापुढे 'माळवी' लिहावे लागेल. समाजातल्या एका काकांना हे सांगितले तर ते म्हणाले, "कोण तपासतंय? मराठी ठोकून दे."

हे मला मान्य नाही. एक तर ते खोटे आहे. दुसरे म्हणजे, माळवीचे दुखणे आपल्याहून मोठे आहे. 2011 मध्ये 52 लाखांहून अधिक लोकांनी माळवी ही मातृभाषा सांगितली आणि ती सगळी संख्या कोष्टकात हिंदीच्या खात्यात जमा झाली. आपल्या मराठीला आठव्या अनुसूचीत जागा आहे, 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने तिला अभिजात दर्जाही दिला. बायकोच्या भाषेला यातले काही नाही. तिच्या रकान्यातून एक मूल काढून आपल्यात घ्यायचे आणि वर अभिमान सांगायचा, हे होळकरांच्या मुलखात शोभत नाही. मला मराठीचा आकडा वाढायला हवा आहे, पण तो खरा वाढायला हवा. ही बाळाशी मराठीतही बोलू लागली आणि तिला स्वतःला वाटले, तर ती मराठी सांगेल. नाही वाटले तर माळवी सांगेल, आणि मी शेजारी बसून ते नीट लिहून घेईन, 'हिंदी' होऊ देणार नाही. आईच्या आणि माझ्या नावापुढे मराठीच.

जन्माच्या दाखल्याचेही सांगतो. आमच्या आडनावात 'ळ' आहे. दाखला आला त्यात 'ल'. काळ्यांचे काले, मुळ्यांचे मुले आणि गोळ्यांचे गोले झालेले आपल्यात किती तरी आहेत. कार्यालयात गेलो तर उत्तर मिळाले की हिंदीत हे अक्षर नसते. अक्षर देवनागरीत आहे आणि संगणकाच्या कळफलकावरही आहे. माझ्या सासुरवाडीच्या मंडळींना तर ते माझ्यापेक्षा स्वच्छ उच्चारता येते. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे त्या तारखेनंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत हाच दाखला चालणार आहे. म्हणजे आज चुकलेले अक्षर जन्मभर चुकणार. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली चूक दुरुस्त करून मिळते. सुट्टी संपताच मी अर्ज दिला, आजवर तीन चकरा झाल्या. एकट्या माणसाच्या अर्जाला 'पाहू' असे उत्तर मिळते. समाजाच्या लेटरहेडवर वीस कुटुंबांची नावे गेली तर तसे मिळणार नाही, एवढे राजकारण मलाही कळते.

आणि शाळा. घटनेतले कलम 350-क, 1956 च्या सातव्या दुरुस्तीने आलेले, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगते. त्याही आधी, 1949 मध्ये, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले होते की एका वर्गात 10 किंवा अख्ख्या शाळेत 40 मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. दहा मुले, मंडळी! देपालपूर, बेटमा, गौतमपुरा मिळून आपल्यात एका वयाची दहा मुले आहेत की नाहीत? मला माहीत नाही, आणि कार्यकारिणीलाही माहीत नाही, कारण आपण वर्गणीदार मोजतो, मुले मोजत नाही. इंदूरने 1917 मध्ये मराठी साहित्य संमेलन भरवले (दुसऱ्याच वर्षी त्याच शहरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदीचे भरले, दोन्ही भाषा सुखाने नांदल्या). 1935 मध्ये पुन्हा भरवले, 2001 मध्ये विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा. त्या मांडवात मीही वडिलांबरोबर गेलो होतो. फार छान वाटले होते. पण तिथून चाळीसेक किलोमीटरवरच्या आमच्या गावात एकही बालवर्ग त्यातून उभा राहिला नाही.

मोठ्या मागणीआधी छोटे काम. रविवारी दोन तास, कुणाच्या तरी ओसरीवर, पाच वर्षांखालची मुले आणि दोन आज्या एवढे पुरे. फळा नको, पुस्तक नको, गराडू तळले तर उत्तम. बाहेरच्या सुनांना आग्रहाने बोलवा, त्यांच्या चुका काढू नका. आमची ही 'पाणी आली' म्हणते, तेव्हा ताई हसली आणि ही दिवसभर मराठी बोललीच नाही. माझ्या पाच दिवसांतले हे सगळ्यात मोठे नुकसान होते, भाचरांच्या इंग्रजीपेक्षाही.

संक्रांतीला बाळाचे बोरन्हाण झाले. हलव्याचे दागिने राजवाड्याजवळून आणले, काळे झबले आईने शिवले. गल्लीतली सगळी पोरे बोरे आणि गोळ्या वेचायला आली. त्यांत मराठी घरातली चार होती. दोन आमच्याच गल्लीतली, पण ती मराठी आहेत हे मला त्या दिवशी कळले, तीही एकाच्या आजीने हाक मारली म्हणून.

तेव्हा चारपासून सुरुवात आहे, आणि माझा धरून पाच. ज्यांच्या घरी पाच वर्षांखालचे मूल आहे, आई कोणत्याही भाषेची असो, त्यांनी मुलाचे नाव आणि जन्मतारीख पुढच्या मासिक बैठकीआधी सचिवांकडे द्यावी. यादीत माझ्या मुलाचे नाव पहिले घाला. आडनाव 'ळ' ने लिहा.