भयाची गंमत

राक्षसाचा चित्रपट म्हटला की घरातली वडीलधारी मंडळी नाक मुरडतात आणि मुले पुढच्या रांगेचा हट्ट धरतात. या वादात आमचे मत मुलांच्या पारड्यात!

२००८ सालचा मॅट रीव्ह्ज यांचा ‘क्लोव्हरफील्ड’ घ्या. मित्राच्या निरोपसमारंभाचे चित्रण चालू असताना न्यूयॉर्कवर डोंगराएवढा प्राणी चालून येतो. स्वातंत्र्यदेवतेचे मुंडके रस्त्यात येऊन आदळते. पळता पळता कॅमेऱ्यात जेवढे सापडेल तेवढेच आपल्याला दिसते. बाकी धूळ, अंधार आणि किंकाळ्या. चित्र इतके हलते की काही अमेरिकन चित्रपटगृहांनी घेरी येण्याची सूचना आधीच लावली होती!

खरी गंमत आहे ती या अर्धवट दिसण्यात. आजी गोष्टीतल्या राक्षसाचे फक्त दात सांगे. उरलेला राक्षस आपण गोधडीत शिरून पुरा करीत असू. तोच हा प्रकार.

आणि राक्षस एवढा प्रचंड कशाला? जपानने अणुबाँबचा दाह सोसला, त्यातून १९५४ साली ‘गॉडझिला’ उभा राहिला. ‘क्लोव्हरफील्ड’मधल्या कोसळत्या इमारती पाहताना २००१ सालचे न्यूयॉर्क आठवल्यावाचून राहत नाही. घरचेच भय, पण ते इतके फुगवायचे की खोटे वाटावे, म्हणजे ते डोळे भरून पाहता येते. डोंगराएवढा प्राणी काही मागील दाराने आत शिरत नाही.

बिबट्या मात्र शिरतो. घोड आणि भीमेच्या पाण्यावर शिरूर-दौंडकडे ऊस माजला आणि त्या उसातच बिबट्याची मादी पिले घालू लागली. तिकडून मोबाइलवर येणारी चित्रे पाहा : हलता कॅमेरा, काळोख, पडवीपाशी चमकणारे दोन डोळे. तंत्र अगदी ‘क्लोव्हरफील्ड’चे! पण २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याने माणसे मारली. त्यांत लहान मुलेही होती. शेतात जाताना माणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. तिथल्या प्रेक्षकाला खेळ संपल्यावर उजेडात बाहेर पडण्याची सोय नाही.

आपण शहरात मात्र तीच चित्रे जेवणानंतर बडीशेपेसारखी चघळतो आणि दहा जणांना धाडतो. त्यांत यंत्राकडून करवून घेतलेले बनावट बिबटेही असतात. खोट्या बिबट्याने चार वेळा फसलेला माणूस पाचव्या वेळी खऱ्यावरही विश्वास ठेवायचा नाही, आणि पोर निर्धास्तपणे उसाकडे खेळायला सोडील.

म्हणून या दिवाळीत फराळाचे ताट पुढे घ्या, दिवे मालवा आणि मुलांबरोबर खुशाल राक्षस पाहा. तो ओरडला तर तुम्हीही ओरडा. मात्र मोबाइलवर बिबट्या आला, तर तो पुढे धाडण्याआधी अंगठा क्षणभर आवरा. ते चित्र खरे असेल तर तिथे कुणाचे तरी अंगण आहे.