उसनवारीची दप्तरी नोंद

संगणकप्रणाली रचणारा आजचा कारागीर सारेच काही स्वतः लिहीत नाही, यात दूषणीय असे काही नाही. तारखांचे गणित, मजकुराची छाननी, नोंदी ठेवण्याची व्यवस्था ही कामे ज्यांनी एकदा उत्तम करून ठेवली आहेत त्यांची लायब्ररी घ्यावी आणि आपली बुद्धी आपल्याच प्रश्नावर खर्चावी, हा शहाणपणाचा व्यवहार होय. माझा आक्षेप उसनवारीला नसून, तिच्या दप्तराविषयी जी बेफिकिरी रूढ झाली आहे तिला आहे.

जावा भाषेत काम करणाऱ्यांच्या नित्य परिचयाचे मेव्हन हे बिल्डचे साधन घ्या. प्रकल्पाचे वर्णन करणाऱ्या पॉम फायलीत आपण चार लायब्रऱ्यांची नावे व आवृत्त्या लिहितो; त्या चारांना ज्या लागतात त्या, आणि त्यांनाही पुढे ज्या लागतात त्या, मेव्हन आपण होऊन भांडारातून उतरवून घेते, आणि पाहता पाहता चाराच्या चाळीस होतात. एकीच्याच दोन आवृत्त्या दोन वाटांनी आल्या, तर आपल्या प्रकल्पापासून जी कमी पायऱ्यांवर असेल ती ठेवावी, मग ती जुनी का असेना, असा मेव्हनचा दंडक आहे. ग्रेडल हे त्याच जातीचे दुसरे साधन सामान्यतः सर्वांत नवी उचलते. हे निवाडे मुकाट्याने होतात. बिल्ड निर्वेध पार पडतो आणि ऐन कामाच्या वेळी ‘नो सच मेथड एरर’ उमटते, कारण जिला हाक मारली ती मेथड त्या जुन्या आवृत्तीत जन्मालाच आलेली नसते. ‘डिपेंडन्सी ट्री’ची आज्ञा दिली की सारी वंशावळ पडद्यावर उतरते; पण बिघाड झाल्यावाचून ती वाचण्याची तसदी बहुधा कोणी घेत नाही.

या अनास्थेची किंमत डिसेंबर 2021 मध्ये कळली. लॉग-फोर-जे या लायब्ररीला विशिष्ट मजकूर नोंदवायला लावून परक्याने आपला हुकूम दुसऱ्याच्या यंत्रावर चालवावा, असे छिद्र तिच्यात सापडले. मेव्हनच्या मध्यवर्ती भांडारातली 35,000 हून अधिक पॅकेजेस, म्हणजे 8 टक्क्यांहून जास्त, बाधित असल्याचे गूगलने तेव्हा मोजले. त्यांपैकी सुमारे 7,000 नीच ती थेट मागितली होती, उरलेल्यांकडे ती दुसऱ्यातिसऱ्याच्या हातून आली होती. दुरुस्त आवृत्त्या त्याच महिन्यात एकामागून एक निघाल्या, आणि त्या काढण्यासाठी अपाची फाउंडेशनचे स्वयंसेवक राबले (ज्यांच्या फुकटच्या श्रमांवर कोट्यवधींची उलाढाल चालते, त्यांच्याकडेच तगादा लावण्याचा संकोच कोणाला वाटल्याचे दिसले नाही). मोठमोठ्या कंपन्या खऱ्या अडल्या त्या एका साध्या प्रश्नापाशी: ही वस्तू आपल्याकडे आहे काय, आणि असल्यास कोठे?

यावर ‘सदैव नवीनतम आवृत्ती घ्या’ असा उपाय सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी मार्च 2024 मध्ये उघडकीस आलेले एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या लायब्ररीचे प्रकरण आठवावे. तेथे चोरदरवाजा होता तो 5.6.0 आणि 5.6.1 या नव्या आवृत्त्यांतच, आणि तोही विश्वास संपादन केलेल्या सहकाऱ्याच्या हातून बसवलेला. तेव्हा नवी घ्यावी की जुनी ठेवावी याचा निर्णय साधनावर न सोपवता माणसाने घ्यावा आणि त्याची नोंद राहावी. फेरफार मंजूर झाल्यावाचून सातबाऱ्यावरचे नाव बदलत नाही, तशी आवृत्तीही बदलू नये. ग्रेडलमध्ये यासाठी लॉक फाइलची सोय आहे, परंतु ती मुद्दाम चालू करावी लागते.

आवृत्त्यांच्या या नोंदीबरोबरच सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे याची पूर्ण यादीही हाताशी हवी. अशा घटकसूचीसाठी, जिला व्यवसायात एसबॉम म्हणतात, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, हे स्वागतार्ह आहे. मात्र यादी एकदा करून फायलीला लावली की कर्तव्य संपले, अशी आपल्या कचेऱ्यांची रीत मी ओळखून आहे. म्हणून सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या खात्यांनी निविदेतच अट घालावी की ही यादी बिल्डच्या वेळी यंत्रानेच काढलेली असेल, हाताने भरलेला तक्ता चालणार नाही, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत ताजी यादी दाखल झाल्यावाचून पुरवठादाराचे बिल मंजूर होणार नाही.