विश्लेषण : घंटा वाजलीच नाही! पण गेरी कोएत्झीवर खरा अन्याय कोणता?

दक्षिण आफ्रिकेचा हेवीवेट मुष्टियोद्धा गेरी कोएत्झीचे नाव निघाले की चर्चा हमखास एकाच लढतीवर येते. १ डिसेंबर १९८४, सन सिटी, आठवी फेरी. तीन मिनिटे झाली तरी फेरी संपल्याची घंटा वाजलीच नाही. लढत सुरूच राहिली आणि सुमारे ५० सेकंदांनी अमेरिकेच्या ग्रेग पेजने कोएत्झीला आडवे केले. जगज्जेतेपद गेले. तक्रार झाली, निकाल बदलला नाही. चित्रफीत आणि स्टॉपवॉच घेऊन बसले तर हा अन्याय कुणालाही मोजता येतो. मात्र कोएत्झीची कारकीर्द समजून घ्यायची तर घड्याळापेक्षा ती लढत जिथे झाली, ती जागा अधिक बोलकी आहे.

हा कोएत्झी कोण?

आडनावावरून वेगवान गोलंदाज जेराल्ड किंवा नोबेलविजेते कादंबरीकार आठवले असतील, हा तिसराच. जन्म १९५५चा, जोहान्सबर्गजवळच्या बॉक्सबर्गचा. उजव्या हातावर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या की त्याला ‘बायोनिक हँड’ असे नाव पडले. मोहम्मद अलीला हरवलेल्या लिऑन स्पिंक्सला त्याने १९७९ मध्ये पहिल्याच फेरीत गारद केले. अलीच्या निवृत्तीने रिक्त झालेल्या ‘डब्ल्यूबीए’ किताबासाठी त्याच वर्षी प्रिटोरियात जॉन टेटकडून तो हरला, पुढच्या वर्षी माइक वीव्हरकडून. अखेर २३ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेतील ओहायोत मायकेल डोक्सला दहाव्या फेरीच्या अगदी शेवटी नॉकआउट करून तो हेवीवेटचा पहिला आफ्रिकी जगज्जेता ठरला. फेरी संपता संपता मिळालेला किताब फेरी संपून गेल्यावर गेला!

बहिष्कार असताना लढती कशा?

वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका १९६४ पासून ऑलिम्पिकबाहेर होती, १९७० नंतर कसोटी क्रिकेटबाहेर. भारताने तर १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीवर पाणी सोडले, पण दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार दिला. व्यावसायिक मुष्टियुद्धाला मात्र एकच मालक नाही. ‘डब्ल्यूबीसी’ने संबंध तोडले, तर ‘डब्ल्यूबीए’ने दार उघडे ठेवले. ‘खेळात राजकारण नको’ हा युक्तिवाद इथे प्रत्यक्षात आला, असे म्हणता येईल.

त्यातून काय मिळाले? प्रिटोरियातील टेटविरुद्धच्या लढतीला ८० हजारांहून अधिक प्रेक्षक होते आणि लॉफ्टस व्हर्सफेल्ड मैदानावरील वर्णनिहाय आसनव्यवस्था खास त्यासाठी बाजूला ठेवण्यात आली. लढत संपली, नियम जागच्या जागी. सन सिटीचे तर त्याहून विचित्र. ती ज्या बोफुथात्स्वानात होती, त्याला दक्षिण आफ्रिकेने १९७७ मध्ये ‘स्वतंत्र देश’ ठरवले आणि त्स्वाना लोकांचे दक्षिण आफ्रिकी नागरिकत्व काढून घेतले. जगाने या ‘देशा’ला मान्यता दिली नाही. दक्षिण आफ्रिकेत जुगाराला बंदी होती, इथे नव्हती; म्हणून कॅसिनो इथे. वीव्हर आणि पेज, दोघांशीही कोएत्झी इथेच लढला.

मग दोष कोएत्झीचा?

नाही. आपण गोऱ्यांचा नव्हे, सगळ्यांचा मुष्टियोद्धा आहोत, हे तो त्या काळात उघडपणे सांगत होता. ‘गोऱ्यांची आशा’ हे बिरुद त्याने स्वतः मागितले नव्हते. पण तो काय म्हणतो याने फरक पडत नव्हता. त्याच्या लढतीच्या निमित्ताने जगातले कॅमेरे सन सिटीत येत, एवढे सरकारला आणि कॅसिनोला पुरेसे होते. बहिष्काराने निर्दोष खेळाडू भरडले जातात, हे खरेच आहे. भारताच्या टेनिसपटूंनीही ती किंमत मोजली. मात्र उघड्या दारानेही कोएत्झीचे भले झाले नाही, हे फारसे बोलले जात नाही. माझ्या मते त्याच्यावरचा मोठा अन्याय तोच. ५० सेकंद त्यानंतर येतात.

जगज्जेतेपद त्याच्याकडे १४ महिने राहिले. लॅरी होम्सशी ठरलेली मोठी लढत पैशांअभावी बारगळली, हाताची शस्त्रक्रिया झाली आणि पहिल्याच बचावात किताब गेला. मार्च १९८६ मध्ये लंडनला फ्रँक ब्रुनोने त्याला पहिल्या फेरीतच संपवले. जानेवारी २०२३ मध्ये त्याचे निधन झाले. पेजविरुद्धच्या लढतीचा निकाल नोंदीत आजही ‘आठव्या फेरीत नॉकआउट’ असाच आहे.