देखभाल न मागणारे घर

पनवेल-उरण पट्ट्यातील घरविक्रीच्या जाहिरातींत दोन विशेषणे शेजारी-शेजारी नांदताना दिसतात : घर 'लो मेंटेनन्स' आणि परिसर 'गजबजलेला'. सोबतीला जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू, त्याच वेळी उरणपर्यंत पोहोचलेली लोकल आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ असतो. द्रोणागिरीच्या पायथ्याचे करंजा हे कोळ्यांचे गावही आता याच मजकुराच्या परिघात आले आहे. ही दोन विशेषणे परस्परांशी कितपत सुसंगत आहेत, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

'देखभाल' या शब्दात पाहणे आधी येते. पावसाळ्यापूर्वी कौले परतणे, झड्या बांधणे, जमीन सारवणे ही कामे कोकणकिनाऱ्यावरच्या घराला वर्षानुवर्षे लागत. या निमित्ताने घराचा कानाकोपरा दृष्टीखालून जाई. या कष्टांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. सारवण बहुधा बायकांच्याच वाट्याला येई आणि ते सुटले याचा आनंदच मानायला हवा. कमी कष्टांचे घर हवे असणे ही रास्त अपेक्षा आहे. प्रश्न असा, की जाहिरातीतले घर खरोखरच कमी कष्टांचे असते काय?

खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड काँक्रीटमधून हळूहळू आतल्या सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजते, गंजताना फुगते आणि काँक्रीटला आतून तडे देते. ही प्रक्रिया गिलाव्याआड अनेक वर्षे निमूट चालते. फुटलेले कौल पहिल्याच सरीला आपली तक्रार सांगते. गंजलेली सळई मात्र छताचा पोपडा पडेपर्यंत काही बोलत नाही. खाडीकाठच्या इमारतीला देखभाल कमी लागत नाही, तिची निकड उशिरा कळते, एवढेच.

हे शासनाला ठाऊक नाही असे नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड सांगितला आहे. घराचा बांधकाम खर्च वीस लाख धरला, तर वर्षाला वीस हजार, म्हणजे महिन्याला सुमारे सोळाशे सत्तर रुपये केवळ या दोन निधींत जायला हवेत. लिफ्ट, पाणी, झाडलोट यांचा खर्च निराळाच. ज्या संस्थेची मासिक वर्गणी संशयास्पदरीत्या कमी आहे, तिथे बहुधा याच दोन रकमांना कात्री लागलेली असते. बांधकामातील दोषांबाबत विकासकाची जबाबदारी रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांपुरती ठेवली आहे. गृहकर्ज मात्र वीस वर्षांचे असते. मधली पंधरा वर्षे घेणाऱ्याची. 'लो मेंटेनन्स' म्हणजे पुष्कळदा पुढच्या मालकाच्या नावे लिहिलेले देणे असते.

आता दुसरे विशेषण. गजबज आपोआप निर्माण होत नाही. तीही कोणीतरी सांभाळलेली असते. करंजातील गजबज बोटींची, जाळ्यांची, मासळीच्या लिलावाची आणि रेवसला जाणाऱ्या तरीची आहे. ज्या भूमीवर नवी नगरे उभी राहिली, तिच्या मोबदल्यासाठी उरण तालुक्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क या लढ्यातून आला. ही पाळेमुळे जाहिरातीत येत नाहीत. येते ती फक्त 'चैतन्यमय परिसर' ही शब्दजोडी. उद्या त्याच परिसरातल्या सुकत घातलेल्या मासळीच्या वासाबद्दल सोसायटीच्या सभेत तक्रार झाली, तर नवल वाटू नये. शेजाराचे चैतन्य हवे आणि शेजार सांभाळण्याची तोशीस नको, ही त्याच 'लो मेंटेनन्स' वृत्तीची पुढची पायरी आहे.

म्हणून आग्रह इतकाच, की हे विशेषण वापरणाऱ्याने त्यासोबत आकडे छापावेत : मासिक वर्गणी किती, त्यातला दुरुस्ती निधी किती, सिंकिंग फंडात आज शिल्लक किती, इमारतीची संरचनात्मक तपासणी शेवटची केव्हा झाली. जुने घर विकत घेणाऱ्याने तरी हे चार प्रश्न टोकन देण्यापूर्वी लेखी विचारावेत. उत्तर देण्यास टाळाटाळ झाली, तर जाहिरातीतले विशेषण कशासाठी योजले होते, ते उमगेल.